टाइप वन मधुमेह : महिन्याचा खर्च, मिळणारी मदत आणि करायची मदत

मुलाला टाइप वन मधुमेह निघाला की सुरुवातीला आईवडील डॉक्टरांना आजाराबद्दल विचारत राहतात. डिस्चार्जचे कागद हातात पडायची वेळ आली की प्रश्न बदलतो : दर महिन्याला किती लागतील? हा प्रश्न विचारायला बऱ्याच पालकांना संकोच वाटतो. पोटच्या पोराच्या औषधाचा हिशेब कसा करायचा, असं मनात येतं. हिशेब करायलाच हवा. जो करत नाही त्याचे पैसे सहाव्या-सातव्या महिन्यात संपतात, आणि मग काटछाट नेमकी चुकीच्या जागी होते.

म्हणून आधी आकडे. साध्या ह्यूमन इन्सुलिनच्या बाटल्या, सिरिंज आणि दिवसातून चार वेळा बोट टोचून तपासणी, एवढ्यावर नीट चालवलं तर महिन्याला साडेतीन ते साडेचार हजार रुपये लागतात. नव्या पिढीचं अ‍ॅनालॉग इन्सुलिन पेनमधून घेतलं तर सहा ते नऊ हजार. साखर सतत मोजणारा सेन्सर दंडावर लावायचा ठरवला तर पंधरा ते वीस हजार. इन्सुलिन पंपाचा हिशेब लाखांपासून सुरू होतो. हे भाव महाराष्ट्रातल्या मेडिकल दुकानांत साधारण पडतात तसे धरले आहेत. कंपनी आणि गाव बदललं की थोडंफार इकडेतिकडे होईल.

हा खर्च कायमचा आहे, कारण या आजारात शरीराची प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातल्या बीटा पेशी नष्ट करते आणि इन्सुलिन बनणं थांबतं. गोळ्यांनी, पथ्याने किंवा व्यायामाने ते भरून निघत नाही. मुलाने गोड जास्त खाल्लं म्हणून किंवा आईने गरोदरपणात काही चुकवलं म्हणून हा आजार होत नाही. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या २०२१च्या अंदाजानुसार वीस वर्षांखालची टाइप वनची सुमारे २ लाख २९ हजार मुलंमुली भारतात आहेत, इतर कुठल्याही देशापेक्षा जास्त. त्यांतल्या बहुतेकांच्या घरी हा खर्च खिशातूनच होतो.

इन्सुलिनचा हिशेब

समजा, दहा वर्षांची, तीस किलो वजनाची मुलगी आहे. वाढत्या वयात किलोमागे दिवसाला साधारण एक युनिट इन्सुलिन लागतं. म्हणजे दिवसाला तीस, महिन्याला नऊशे युनिट. ह्यूमन इन्सुलिनची १० मिलीची बाटली आपल्याकडे ४० युनिट प्रति मिली या प्रमाणात येते, म्हणजे एका बाटलीत ४०० युनिट. ती दीडशे ते दोनशे रुपयांत मिळते, कारण हे औषध अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहे आणि त्याच्या किमतीवर सरकारने कमाल मर्यादा घातलेली आहे. जेवणाआधीचं आणि लांब पल्ल्याचं अशी दोन प्रकारची इन्सुलिन लागतात. सगळं धरून महिन्याला तीन बाटल्या, पाचशे-सहाशे रुपये.

अ‍ॅनालॉग इन्सुलिन ३ मिलीच्या कार्ट्रिजमध्ये येतं आणि त्याचं प्रमाण १०० युनिट प्रति मिली असतं, म्हणजे कार्ट्रिजमध्ये ३०० युनिट. लांब पल्ल्याचं ग्लार्जिन २०२२मध्ये अत्यावश्यक औषधांच्या यादीत आलं. ते कंपनीनुसार साडेचारशे ते सातशे रुपयांना मिळतं. जेवणाआधीचं झटपट चालणारं इन्सुलिन पाचशेपासून हजारापर्यंत. याच मुलीला महिन्याला चार कार्ट्रिज लागल्या तर दोन ते साडेतीन हजार. रात्री साखर अचानक उतरण्याचं प्रमाण ग्लार्जिनवर कमी असतं. झटपट इन्सुलिन घेतल्यावर जेवणासाठी अर्धा तास ताटकळावं लागत नाही, शाळेच्या मधल्या सुट्टीत ते सोयीचं पडतं. परवडत असेल तर हा बदल करण्यासारखा आहे. परवडत नसेल तर अपराधी वाटून घेऊ नका. ह्यूमन इन्सुलिनवर, वेळेवर तपासणी करून वाढलेली मुलं आज नोकरीधंद्यात, संसारात आहेत.

लहान मुलांच्या बाबतीत एक गोष्ट आधी लक्षात येत नाही. उघडलेली बाटली किंवा कार्ट्रिज साधारण चार आठवडेच वापरायची असते. तीन वर्षांच्या बाळाला दिवसाला आठ-दहा युनिट लागत असली तरी ४०० युनिटची बाटली महिन्याने टाकूनच द्यावी लागते. डोस लहान म्हणून खर्च त्या प्रमाणात कमी होत नाही.

आता पैशांहूनही महत्त्वाची सूचना. ४० युनिटच्या बाटलीसाठी लाल टोपणाची सिरिंज असते, १०० युनिटच्या इन्सुलिनसाठी नारिंगी टोपणाची. दोन्ही एकाच दुकानात, एकाच फळीवर ठेवलेल्या असतात. १०० युनिटचं इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये दहाच्या खुणेपर्यंत भरलं तर पोटात दहा नव्हे, पंचवीस युनिट जातात आणि मूल बेशुद्ध पडू शकतं. कार्ट्रिज पेनमध्येच वापरा. तिच्यातून सिरिंजने इन्सुलिन ओढू नका. दुकानदाराने सिरिंज दिली की तिथेच, काउंटरवरच, बाटलीवरचा आकडा आणि टोपणाचा रंग जुळवून घ्या.

न उघडलेलं इन्सुलिन फ्रिजमध्ये, २ ते ८ अंशांत ठेवायचं. बर्फाच्या कप्प्यात कधीच नाही, गोठलेलं इन्सुलिन निकामी होतं. फ्रिज नसेल किंवा विदर्भ-मराठवाड्यात उन्हाळ्यात वीज तासन्‌तास जात असेल तर दोन मडक्यांची पद्धत चालते : मोठ्या मडक्यात ओली वाळू, तिच्यात लहान मडकं, त्यात कोरड्या डब्यात इन्सुलिन, वर ओलं फडकं. आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा बरंच खाली राहतं. खर्च दोनशे-तीनशे रुपये. मुलाची साखर काही कारण नसताना चढत चालली असेल तर डोस वाढवण्याआधी बाटली उन्हात राहिली होती का, ते आठवा.

खरा खर्च पट्ट्यांचा

बहुतेक जण समजतात की या आजारात इन्सुलिन महाग पडतं. ह्यूमन इन्सुलिन वापरणाऱ्या घरात पाहिलं तर महिन्याच्या बिलातला सर्वांत छोटा आकडा इन्सुलिनचा असतो आणि सर्वांत मोठा साखर तपासायच्या पट्ट्यांचा. दिवसाला चार तपासण्या म्हणजे महिन्याला १२० पट्ट्या. एक पट्टी पंधरा ते पंचवीस रुपयांना पडते. म्हणजे अठराशे ते तीन हजार. बालमधुमेहतज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय संघटना तर दिवसाला सहा ते दहा तपासण्या सुचवते.

पैसे कमी पडले की घरं पहिल्यांदा इथेच कात्री लावतात, कारण इन्सुलिन चुकलं तर त्रास लगेच दिसतो, तपासणी चुकली तर त्या दिवशी काहीच दिसत नाही. ही सर्वांत महागात पडणारी बचत आहे. न तपासता दिलेलं इन्सुलिन अंदाजाने दिलेलं असतं. साखर चढी राहिली आणि त्यातून कीटोअ‍ॅसिडोसिस झाला, म्हणजे रक्त आम्लयुक्त झालं, तर मुलाला अतिदक्षता विभागात ठेवावं लागतं. खासगी रुग्णालयात चार-पाच दिवसांचं बिल पन्नास हजारांपासून दीड-दोन लाखांपर्यंत सहज जातं. त्या एका बिलात दोन ते पाच वर्षांच्या पट्ट्या येतात. डोळे आणि मूत्रपिंडांवर होणारा परिणाम वेगळाच.

पट्ट्या स्वस्तात कशा पडतील? ग्लुकोमीटर फुकट किंवा पाचशे रुपयांत मिळतोय म्हणून घेऊ नका. आधी त्याच्या पट्टीचा भाव विचारा. मीटर एकदाच घ्यायचा आहे, पट्ट्या रोज. भाव नेहमी एका पट्टीचा काढा, डबीचा नाही, कारण डब्या २५च्याही येतात आणि ५०च्याही. खोक्यावर आयएसओ १५१९७ : २०१३ हे मानक लिहिलेलं आहे का बघा. साखर १००च्या वर असताना मीटरचे किमान ९५ टक्के आकडे प्रयोगशाळेच्या आकड्यापासून १५ टक्क्यांच्या आत असले पाहिजेत, अशी त्या मानकाची अट आहे. काही भारतीय बनावटीच्या पट्ट्या हे मानक पाळून दहा-बारा रुपयांतही मिळतात. जनऔषधी केंद्रात चौकशी करा. आपल्या डॉक्टरांकडे येणाऱ्या दहा-पंधरा कुटुंबांनी मिळून थेट स्टॉकिस्टकडून घाऊक मागणी नोंदवली तर चांगली सवलत मिळते. मात्र मुदत पाहून घ्या, आणि कोकणातल्या पावसाळ्यात डबीचं झाकण क्षणभरही उघडं ठेवू नका, दमटपणाने पट्ट्या खराब होऊन आकडे चुकतात. २२ सप्टेंबर २०२५पासून ग्लुकोमीटर आणि पट्ट्यांवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे. बिल घ्या आणि दर तपासा.

रोज दोनच पट्ट्या परवडत असतील तर त्या कोणत्या वेळी वापरायच्या हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. एक दिवस सकाळी उपाशीपोटी आणि दुपारच्या जेवणाआधी, दुसऱ्या दिवशी रात्रीच्या जेवणाआधी आणि झोपताना, अशी फिरती पद्धत ठेवून वहीत लिहिलं तर आठवड्याचं चित्र हाती येतं. आपली ऐपत डॉक्टरांपासून लपवू नका. त्यांना ती कळली तरच त्यांची चिठ्ठी तुमच्या कामाची.

सिरिंज आणि पेनच्या सुया यांचा महिन्याचा खर्च पाचशे ते हजार. एकच सुई आठवडाभर वापरली की ती बोथट होते, टोचल्या जागी गाठी येतात आणि त्या गाठींमधून इन्सुलिन नीट शोषलं जात नाही. दर तीन महिन्यांनी सरासरी साखर सांगणारी एचबीएवनसी तपासणी, तीन-चारशे ते सहाशे रुपये. वर्षातून एकदा थायरॉइड, सिलिअ‍ॅक, लघवीतलं प्रथिन आणि डॉक्टर सांगतील तेव्हापासून डोळ्यांचा पडदा, मिळून तीन ते पाच हजार. शहरातल्या तज्ज्ञाची फी, एसटीचं भाडं आणि बुडालेली दोन जणांची मजुरी, हे कुठल्याच बिलावर छापलेलं नसतं. तालुक्याच्या गावाहून येणाऱ्या घरासाठी एक खेप हजार-दीड हजाराची होते. फोनवरून डोस बदलून देणारा डॉक्टर मिळाला तर यातल्या निम्म्या खेपा वाचतात. डॉक्टर निवडताना हा प्रश्न जरूर विचारावा.

साखर एकदम उतरली तर लागणारा उपाय मात्र घरातच आहे. तीन चमचे साखर किंवा ग्लुकोजची पूड पाण्यात घालून द्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं. लहान मुलाला याहून कमी पुरते, किती ते डॉक्टरांकडून लिहून घ्या. मूल बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही. साखर वाढवणारं ग्लुकॅगॉनचं इंजेक्शन असेल तर ते द्यायचं, नसेल तर जवळचं रुग्णालय गाठायचं. दप्तरात, खेळाच्या पिशवीत, आजीच्या घरी, सगळीकडे साखरेची पुडी ठेवा. शाळेत वर्गशिक्षकांना लेखी कळवा. सीबीएसईने २०१७मध्ये टाइप वनच्या मुलांना दहावी-बारावीच्या परीक्षेच्या दालनात गोळ्या-चॉकलेट, फळ, खाऊ आणि पाणी नेण्याची मुभा दिली. राज्य मंडळाच्या परीक्षेसाठी मुख्याध्यापकांमार्फत डॉक्टरांच्या दाखल्यासह अर्ज दोन-तीन महिने आधी करून ठेवावा.

सेन्सर आणि पंप

दंडावर लावायचा सेन्सर चौदा दिवस चालतो आणि साडेचार ते साडेपाच हजारांना पडतो. वर्षाला २६ सेन्सर, म्हणजे सव्वा लाखाच्या आसपास. रात्री साखर उतरतेय का या धास्तीने दर दोन तासांनी उठणाऱ्या आईसाठी त्याचा उपयोग किती मोठा आहे, हे मला वेगळं सांगायला नको. वर्षभर परवडत नसेल तर तीन महिन्यांतून एकदा, एचबीएवनसीच्या आधीचे चौदा दिवस लावा. त्या चौदा दिवसांतला आलेख डॉक्टरांसमोर ठेवून डोस बसवून घेतला तर चार सेन्सरमध्ये वर्षाचं बरंचसं काम होतं. हा मधला मार्ग फार कमी घरांना सांगितला जातो.

सेन्सरशी जोडून आपोआप डोस बदलणारा पंप पाच-सहा लाखांच्या पुढे जातो. नळ्या, साठवणीच्या कुप्या आणि सेन्सर यांचा महिन्याचा खर्च त्यावर आणखी वीस हजारांच्या घरात. विक्री प्रतिनिधी पंपाची किंमत सांगतो, महिन्याच्या सामानाची यादी मागितल्याशिवाय देत नाही. ती लेखी मागा आणि पुढची चार वर्षं तो खर्च झेपेल का ते बघूनच निर्णय घ्या. कर्ज काढून पंप घेतला आणि वर्षभराने सामान परवडेना म्हणून तो कपाटात गेला, अशी पाळी कुठल्या घरावर येऊ नये.

यावर एक रुपयाही घालू नका

मधुमेहींसाठीची म्हणून विकली जाणारी बिस्किटं, पिठं, प्रोटीनच्या पावडरी टाइप वनच्या मुलाला लागत नाहीत. घरची भाकरी, वरण, उसळ, भाजी, दही त्याला चालतं; त्यात कर्बोदकं किती हे मोजायला शिकणं जास्त मोलाचं, आणि ते आहारतज्ज्ञ दोन-तीन बैठकांत शिकवतात. इन्सुलिन बंद करून देतो म्हणणाऱ्या कोणत्याही काढेवाल्याच्या, मुळीवाल्याच्या दारात जाऊ नका. अशा उपचारासाठी इन्सुलिन थांबवून मुलं दगावली आहेत. स्टेम सेलने मधुमेह बरा करू म्हणून लाखो रुपये मागणारी क्लिनिकंही टाळा. रक्ताच्या काही आजारांसाठीचं प्रत्यारोपण सोडलं तर स्टेम सेलचा वापर मंजूर प्रयोगाबाहेर करू नये, असं भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात.

अपंगत्वाचा दाखला काढून देतो म्हणणारे एजंटही भेटतील. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत टाइप वन मधुमेह नाही. त्यांना पैसे देऊ नका.

सरकारी आणि धर्मादाय मदत

१५ ऑगस्ट २०२३पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत, प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, तपासणी आणि उपचार मोफत आहेत. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं दुसऱ्या खात्याची, तिथे माफक शुल्क लागतं. जिल्हा रुग्णालयात असंसर्गजन्य आजारांचा विभाग गाठा, मुलाचं नाव नोंदवा आणि इन्सुलिनची लेखी मागणी करा. तिथे मिळेल ते बहुधा ह्यूमन इन्सुलिन असेल. साठा संपला असेल तर तसं केसपेपरवर लिहून मागा. तोंडी नकाराची नोंद कुठेच राहत नाही.

महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना आता सर्व रेशनकार्डधारकांना लागू आहे आणि कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे. ही योजना रुग्णालयात भरती झाल्यावरच्या उपचारांसाठी आहे. रोजचं इन्सुलिन आणि पट्ट्या तिच्यात बसत नाहीत. तरीही कार्ड काढून ठेवा. मूल अत्यवस्थ होऊन रुग्णालयात नेलं तर दारातच योजनेच्या माणसाला, म्हणजे आरोग्यमित्राला गाठा आणि योजना लागू होते का विचारा. हेल्पलाइन १५५३८८.

धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेल्या रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर निर्धन, ३ लाख ६० हजारांपर्यंत असेल तर दुर्बल. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड घेऊन तिथल्या वैद्यकीय समाजसेवा अधीक्षकांना भेटा. दाखला आधीच काढून ठेवलेला बरा, आजारपणाच्या धावपळीत तो मिळत नाही.

विम्याबद्दल थोडक्यात. नोकरीच्या ठिकाणची गटविमा योजना असेल तर मुलाचं नाव आधी तिच्यात घाला. आधीपासूनचे आजार अशा योजनांत बहुधा पहिल्या दिवसापासून धरले जातात. स्वतंत्र पॉलिसीत आधीच्या आजारासाठीचा थांबा २०२४पासून जास्तीत जास्त तीन वर्षांचा आहे. आजार लपवून पॉलिसी घेऊ नका, दावा नाकारायला कंपनीला तेवढंच निमित्त पुरतं. विमा मिळाला तरी तो भरतीपुरता, रोजच्या पट्ट्यांना तो उपयोगी नाही. आयकरातही ठरावीक आजारांच्या उपचारखर्चावर जी वजावट मिळते, त्या आजारांच्या यादीत टाइप वन मधुमेह नाही. या मुलांचं नाव कुठल्याच यादीत नाही, हे पालकांना पावलोपावली जाणवतं.

ही उणीव काही संस्थांनी वर्षानुवर्षं भरून काढली आहे. नागपूरला डॉ. शरद पेंडसे यांनी उभारलेली ड्रीम ट्रस्ट गरीब घरांतल्या मुलांना, त्यातही मुलींना, मोफत इन्सुलिन आणि साहित्य देत आली आहे. मुलीच्या इन्सुलिनवर खर्च करायला काही घरं कचरतात, हे कटू आहे आणि खरं आहे. म्हणून या कामाची मला विशेष किंमत वाटते. छत्रपती संभाजीनगरला डॉ. अर्चना सारडा यांची उडान ही संस्था मराठवाड्यातल्या मुलांना आणि पालकांना सांभाळते, शिकवते. मुंबईत जुव्हेनाइल डायबेटिस फाउंडेशन आहे. चेंजिंग डायबेटिस इन चिल्ड्रन या उपक्रमाची केंद्रं राज्यात आहेत आणि तिथे नोंदवलेल्या मुलांना इन्सुलिन मोफत मिळतं. ऑस्ट्रेलियातून चालणारी लाइफ फॉर अ चाइल्ड ही संस्था २०००पासून गरीब देशांतल्या मुलांना स्थानिक केंद्रांमार्फत इन्सुलिन आणि पट्ट्या पुरवते. नाव नोंदवताना आधार, जन्मदाखला, डिस्चार्जचे कागद, उत्पन्नाचा दाखला आणि दोन फोटो जवळ ठेवा.

मदत करायची असेल तर

देणगीदारांना ग्लुकोमीटर वाटायला आवडतं. कार्यक्रम होतो, खोकं हातात दिसतं. दोन महिन्यांनी पट्ट्या संपतात आणि तो मीटर बंद पडून राहतो. खरी मदत दर महिन्याला पोचणारी असते. दिवसाला चार या हिशेबाने एका मुलाला वर्षाला १,४६० पट्ट्या लागतात; अठरा रुपयांचा भाव धरला तर साधारण सव्वीस हजार. चार मित्रांनी मिळून महिन्याला साडेपाचशे रुपये काढले तर एका मुलाची तपासणी वर्षभर चालते. संस्थेला पैसे देताना हे पट्ट्यांसाठीच वापरा, असं सांगता येतं. आणखी एका गोष्टीला पैसे हवे असतात आणि कुणी देत नाही : शिकवणाऱ्या समुपदेशकाचा पगार. आईला डोस कसा काढायचा, ताप आल्यावर काय करायचं हे शांतपणे शिकवणारी व्यक्ती डॉक्टरांइतकीच जीव वाचवते. संस्थेने पगारावर खर्च दाखवला म्हणून नाक मुरडू नका.

देण्याआधी संस्थेचं ८०जी प्रमाणपत्र आयकर खात्याच्या पोर्टलवर तपासा आणि वर्षाअखेरीस १०बीई हे प्रमाणपत्र मागा. करसवलत जुन्या कररचनेतच मिळते, आणि दोन हजारांवरच्या रोख देणगीला मिळत नाही. परदेशात राहून भारतीय पासपोर्ट ठेवलेल्या मराठी माणसाची देणगी संस्था नेहमीसारखी घेऊ शकते. ज्याने परदेशी नागरिकत्व घेतलं आहे त्याची देणगी विदेशी ठरते आणि ती फक्त विदेशी देणग्यांच्या कायद्याखाली (एफसीआरए) नोंदणी असलेल्या संस्थेला, दिल्लीतल्या ठरावीक खात्यातच देता येते. न्यू जर्सीहून वा लंडनहून पैसे पाठवण्याआधी हे विचारून घ्या. उरलेलं इन्सुलिन मात्र परस्पर कुणाला देऊ नका, ते थंड राहिलं होतं की नाही हे घेणाऱ्याला कळत नाही. न उघडलेल्या, मुदतीतल्या पट्ट्या आणि सेन्सर संस्था घेतात.

संशोधनाला हातभार

संशोधन म्हणजे परदेशातलं काम, असं वाटतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या चमूने हैदराबादची सीसीएमबी ही संशोधन संस्था आणि इंग्लंडचं एक्सेटर विद्यापीठ यांच्यासह २०२०मध्ये दाखवलं की जनुकांवरून काढलेला एक गुणांक भारतीयांमध्येही टाइप वन आणि टाइप टू वेगळे ओळखायला मदत करतो. हे कुणाच्या उपयोगाचं? पंचविशीतल्या त्या तरुणाच्या, ज्याला मोठ्यांचा मधुमेह समजून वर्षभर गोळ्या दिल्या जातात आणि जो शेवटी अतिदक्षता विभागात पोचतो. पुण्यातच जहांगीर रुग्णालयाच्या संशोधन संस्थेत टाइप वनच्या मुलांची वाढ आणि हाडं यांवर काम चालतं. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची तरुण वयातल्या मधुमेहींची नोंदवही २००६पासून आहे. आपल्या मुलाचं नाव अशा नोंदवहीत घालायला पैसे पडत नाहीत, आणि आपल्या मुलांच्या नोंदी नसतील तर औषधांचे डोस दुसऱ्यांच्या मुलांवरून ठरत राहतील.

बाहेर काय चाललंय याचीही कल्पना असावी. आजार उघड होण्याआधीच तो सरासरी दोन वर्षं लांबवणारं टेप्लिझुमॅब हे औषध अमेरिकेत नोव्हेंबर २०२२मध्ये मंजूर झालं. चौदा दिवसांच्या उपचाराची किंमत १ लाख ९३ हजार ९०० डॉलर लावली गेली, म्हणजे दीड कोटी रुपयांच्या वर. स्टेम सेलपासून बनवलेल्या पेशींच्या चाचणीत पूर्ण डोस मिळालेल्या १२ जणांपैकी १० जणांना वर्षाने इन्सुलिन घ्यावं लागत नव्हतं, असे निष्कर्ष २०२५मध्ये आले; त्यांना प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं मात्र घ्यावी लागतात. आशा खरी आहे, पण आजच्या इन्सुलिनचा एकही डोस तिच्या भरवशावर चुकवायचा नाही.

कुणी मुलाला औषधाच्या चाचणीत घेऊ म्हणालं तर तीन गोष्टी बघा. चाचणीचा क्रमांक भारताच्या क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीत आहे का. रुग्णालयाच्या नैतिकता समितीची मंजुरी मराठीतल्या संमतिपत्रावर लिहिली आहे का. आणि पैसे मागतात का. चाचणीतलं औषध आणि त्यासाठीच्या तपासण्या यांचे पैसे सहभागी माणसाने द्यायचे नसतात, उलट चाचणीमुळे इजा झाली तर २०१९च्या नियमांनुसार भरपाई मिळते. पैसे मागितले तर उठून या.

आता मागणी. केरळ सरकारची मिठाई ही योजना अठरा वर्षांखालच्या टाइप वनच्या मुलांना इन्सुलिन, पट्ट्या आणि साहित्य मोफत देते. महाराष्ट्राला हे जमण्यासारखं आहे. एका मुलामागे वर्षाला चाळीस-पन्नास हजार रुपये लागतील. आपल्या मतदारसंघाच्या आमदारांना आणि जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना एक पत्र लिहा. त्यात एकच गोष्ट मागा : जिल्हा रुग्णालयात नोंदवलेल्या प्रत्येक टाइप वनच्या मुलाला इन्सुलिनबरोबर रोजच्या चार पट्ट्याही द्या. पत्राची पोच घ्या, आणि महिन्याभराने पुन्हा विचारायला जा.